बाईसाहेबांचं पाणी

तीर्थरूप मामा,

तुम्हाला, मामींना आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (डावा अजून रुसलेलाच आहे, असं मामी फोनवर म्हणाल्या. त्याला शेक द्या आणि जिना चढताना त्याच्याशी भांडू नका.) इकडे सगळे खुशाल आहोत. तुमची सूनबाई खुशाल, पोरं खुशाल, आणि आमच्या बाईसाहेब तर इतक्या खुशाल आहेत की त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

मागच्या लग्नात तुम्ही ऐन जेवणाच्या वेळी नवऱ्या मुलाच्या काकांना माझी ओळख करून दिलीत, ‘हा आमचा भाचा, कुत्र्याला पाणी पाजतो.’ सगळे हसले, मीही हसलो. पण मामा, ते शब्दशः खरं आहे. बाईसाहेब मालगोदामातली खोकी हुंगून स्फोटकं शोधतात आणि त्या माझ्या हाताखाली काम करतात (खरं म्हणजे मी त्यांच्या हाताखाली आहे, ऑफिसने कागदावर उलटं लिहिलंय एवढंच). त्यांना वेळच्या वेळी पाणी पाजणं हे माझं मुख्य काम. बाकीचं सगळं त्या करतात.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, भांडं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण आपल्यासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. अंगातली सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं की नाक बंद आणि नाक बंद की आमचं दुकान बंद. गेल्या वर्षीच्या परीक्षेत नेमकं हेच झालं. पत्र्याच्या छपराखाली नुसती भट्टी, आणि बाईसाहेबांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही (कामावर असल्या की त्यांना स्वतःची शुद्ध नसते, आणि हा गुण आमच्या ऑफिसात इतर कोणातही नाही). शेवटच्या रांगेत त्या चक्क आडव्या झाल्या. नापास. लागोपाठ दुसऱ्यांदा नापास झालेल्या कुत्र्याला कामावरून उतरवतात. ते ऐकून मी तडक दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यांसाठीची क्षारांची पूड दिली. किती पाण्यात किती, ते मोजून दाखवलं. बाईसाहेबांनी ते पाणी हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. मग मी स्वतः एक घोट घेतला. त्यांची काही चूक नव्हती. शेवटी सूनबाईंनी तोड काढली. कोंबडीचं पातळ पाणी, बिनमिठाचं, बिनकांद्याचं, बिनमसाल्याचं, त्यातलं थोडंसं भांड्यात मिसळायचं. बाईसाहेबांनी भांडं चाटून पुसून लख्ख केलं. (तेव्हापासून घरात कोंबडी शिजली की पहिला मान कुणाचा, हे विचारू नका. पोरांनी निषेध नोंदवला आहे.) एका वेळी बादलीभर नाही, दर रांगेनंतर थोडं थोडं. हिरड्यांवर बोट फिरवून बघायचं, चिकट लागल्या तर काम थांबवायचं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, चटकन जागेवर गेली तर ठीक. ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली की एकदा उन्हात उभ्या असलेल्या मोठ्या साहेबांच्या मानेची मी काळजीपोटी चिमटी घेतली. त्याचा खुलासा द्यावा लागला. त्यांची कातडी मात्र फारच सावकाश जागेवर गेली, हे खुलाशात लिहिलं नाही.

आता परीक्षेचा दिवस. मामा, तुम्ही बघायला हवं होतंत! ऊन मी म्हणत होतं, बाकीची कुत्री जिभा लोंबवत सावली शोधत होती, आणि आमच्या बाईसाहेब एकेका रांगेतून अशा चालल्या होत्या की जणू गोदाम त्यांच्या नावावर आहे. लपवलेले नमुने सगळे शोधले. फक्त शेवटची रांग राहिली होती. घरून कालवून आणलेलं पाणी संपलं होतं, म्हणून ऑफिसच्या कपाटातली पुडी कालवून मी नेहमीसारखं भांडं पुढे ठेवलं. त्यांनी हुंगलं, प्यायल्या नाहीत, आणि भांड्यासमोर ताठ बसल्या.

बसणं म्हणजे त्यांच्या भाषेत, ‘इथे आहे.’ भुंकायचं नाही, उकरायचं नाही, नुसतं बसायचं. परीक्षक म्हणाले, दमली बिचारी, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. नसलेल्या ठिकाणी कुत्रं बसलं की नापास. पण मामा, ज्या जिवाने आजवर मला एकदाही खोटं सांगितलं नाही, तो कोंबडीच्या पाण्यासाठी खोटं बोलेल? मी म्हटलं, ‘ती बसली म्हणजे बसली,’ आणि धोक्याची शिट्टी वाजवली.

मग काय विचारता! हमाल, कारकून, मोठे साहेब, स्वतः परीक्षक, सगळे बाहेर उन्हात. आणि आत नखशिखांत जाड चिलखत घातलेला बॉम्बवाला पावलापावलाने एका सुपाच्या भांड्याकडे सरकतोय. बाहेर लोक माझ्याकडे कोणत्या नजरेने बघत होते, ते लिहिण्यासारखं नाही. बाईसाहेब मात्र माझ्या पायाशी शांत होत्या.

बॉम्बवाल्याने यंत्र लावलं आणि ते बोललं! भांडं निर्दोष, दोष पुडीचा. परीक्षक येणार म्हणून मोठ्या साहेबांनी आदल्या दिवशी कपाटाची आवराआवर केली होती आणि आमच्या क्षारांच्या पुड्या सरावाच्या स्फोटकांच्या डब्यात नीट रचून ठेवल्या होत्या. (माणूस टापटिपीचा, वाईट नाही.) रात्रभरात पुड्यांना तो वास लागला. पुडी पाण्यात गेली, वरून कोंबडी, आणि तरी त्या नाकाने तो वास वेचून काढला. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि बाईसाहेबांच्या शेऱ्यात लिहिलं, असं नाक पाहिलेलं नाही. शेवटची रांग राहूनही पास! डॉक्टरांकडून नवी पुडी आणली, नवं भांडं आणलं, आणि बाईसाहेब लपालपा पीत असताना मी सगळ्या गोदामासमोर रडलो. लाज कसली त्यात? छाती इतकी फुगली होती की शर्टाचं बटण गेलं.

मामींना नमस्कार सांगा. प्रकृतीला जपा, आणि तुम्हीही पाणी पीत जा.

आपला भाग्यवान भाचा

ता. क. : वर कळवला तो निकाल बाईसाहेबांचा. कुत्रं सांभाळणाऱ्याचा लेखी पेपर वेगळा असतो, हे लिहायचं राहून गेलं. प्रश्न होता, ‘कुत्र्याच्या शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे लिहा.’ मी लिहिलं, ‘आमच्या कुत्रीचं आता कमी होत नाही.’ दुसरा होता, ‘सर्वसाधारण कुत्र्याला क्षार केव्हा द्यावेत?’ मी लिहिलं, ‘सर्वसाधारण कुत्र्याचा मला अनुभव नाही.’ पुढची पानं बाईसाहेबांच्या स्वभावावर लिहिली, पुरवणी घेऊन. नापास झालो. पुढच्या महिन्यात पुन्हा पेपर आहे. त्यातही उडालो तर बाईसाहेब दुसऱ्याच्या हाती जातील. माणूस चांगला आहे, पण तो बादली ठेवतो आणि निघून जातो. मामा, तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत, आणि माझ्याहून मठ्ठ मुलं पास केलीत. काही दिवस येऊन राहा. हवं तर मला खुर्चीला बांधा, पण उत्तरं लिहायला शिकवा.

आणखी एक : हे मी तिच्या शेजारी बसूनच लिहितोय. ती पास झाली, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. माझा निकाल अजून सांगितलेला नाही. लवकर या, म्हणजे सांगावाच लागणार नाही.