सगळं हिरवं

१२ तारीख, सोमवार सकाळ

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या सत्काराचं निमंत्रण मिळालं. कागद छान गुळगुळीत आहे. बाबांना घेऊन पुढच्या रांगेत येऊन बस, असं तू लिहिलंस. त्याबद्दल शेवटी लिहिते.

मागच्या खेपेला तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर कप मांडून तुझं काम समजावलं होतंस. एकेक कप म्हणजे एकेक सबस्टेशन, आणि प्रत्येकात तुझा एक ‘शिकाऊ’. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. त्यानं आपलं व्होल्टेज सांभाळायचं, शेजारच्याशी जुळवून घ्यायचं. नीट जमलं तर शाबासकी, नाही तर कानउघाडणी. शाबासकीसाठी हे काहीही शिकतात, म्हणालास. बाबा किती खूश झाले. या घरात शाबासकी तुझ्याच वाट्याची असायची, म्हणून तुला ही युक्ती सुचली असावी.

तर ते शिकले. आधी आपला पंखा रेंगाळायला लागला. मग बाबांचं ऑक्सिजनचं मशीन टीं टीं करत बंद पडायला लागलं. वायरमन येऊन म्हणाला, “ताई, ऑफिसात स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय हो.” तुला फोन केला, तर तूही तेच म्हणालास. वर, “तुला कुरकुरीची सवयच आहे.”

म्हणून गुरुवारी तुला फोन केला नाही. दुपारी मशीन बंद पडलं ते पडलंच. शेजारी सिलिंडर आणायला धावले, ते परत येईपर्यंत बाबा गेले. सगळं उरकलंही. कळवायचं राहून गेलं असं म्हणणार नाही. कळवलं नाही.

नंतर तुमच्या ऑफिसातला एकजण खालमानेनं सांगून गेला. आपलं घर लाइनीच्या टोकाला, त्यात व्होल्टेज ऑफिसला कळवणारं मीटर बिघडलेलं. मीटर गप्प म्हणजे तक्रार नाही. आमचं व्होल्टेज पाडलं की बाकीच्यांचं छान राहतं, हे तुझ्या शहाण्यांनी बरोबर हेरलं. मला त्यांचं नवल वाटलं नाही. मीही याच घरात वाढले.

गुरुवारी मशीन बंद पडल्यावर बाबांनी विचारलं होतं, “कोणी बंद केलं?”

मी म्हटलं, “धाकट्यानं.”

“मुद्दाम?”

तू मुद्दाम काही केलं नाहीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली. ते तुझं नाव न घेता गेले.

सत्काराला अवश्य जा. पुढच्या रांगेतल्या आमच्या दोन खुर्च्या तशाच राहू दे.

माझी काही तक्रार नाही.

तुझी,
ताई