ओंकारचं बर्फावरचं यंत्र

ओंकारा,

अंटार्क्टिकातल्या तुझ्या यंत्राचे आकडे उतरवून घेणारा इथला सर्व्हर काल बंद केला. आता ते पाठवेल ते कुठेच पोहोचणार नाही. संशोधनाचा निधी मी सांभाळते, तरी सर्व्हर वाचवता आला नाही. समितीत घसा कोरडा पडेपर्यंत भांडले. सगळा पैसा नव्या यंत्राला गेला. जुन्यापुढे कोण नारळ फोडतंय? वर मलाच म्हणतात, "मॅडम, नारळ तुमच्या चौलच्या वाडीतला आणा." आईने शेंडी राखून सोलूनही ठेवलाय.

जहाज येईपर्यंत तू तिथेच अडकलेला. परवा फोनवर आईला म्हणालास, "रोज उठून यंत्रावरचा बर्फ झाडतो, म्हणून या काळोखात डोकं ठिकाणावर हाय."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. झाडत राहा, बाबा.

तुझी,
सुचिताताई