सोललेलं झाड

चित्रेधाप, असार ५ गते

दाजू,

सेवारो.

"रानात हाब्रे दिसला तर तोंड मिटून खाली यायचं," असं आपा म्हणाले होते. आठवतं? मी सात वर्षांची होते, तू अकराचा. मालिंगोच्या बारीक बांबूंतून तो तांबडा, झुपकेदार शेपटीचा जीव आपल्याकडे बघत होता. मी ओरडणार तेवढ्यात आपांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला चौरी गाईच्या दुधाचा वास होता. बातमी खाली गेली की तिच्यामागून कातड्यासाठी माणसं वर येतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

इकडे सगळं ठीक. वेलचीला फुलं बरी आली आहेत. भाऊजूचा गुडघा आता दुखत नाही, पण जीभ तशीच आहे. म्हणाली, "तुझ्या दाजूला लिही, चौरींची नावं पाठ असतात, बायकोचं विसरला असेल तर कळव म्हणावं." फुर्बा मीठ घेऊन वर तुझ्या गोठ्याकडे येतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि तुझा चष्मा देते. पत्र त्याच्याकडून वाचून घेऊ नकोस.

तू माझ्याशी बोलत नाहीस त्याला तीन वर्षं झाली. मी वनराखीण झाले त्या दिवशी तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, "झालं! आता आमची लाकडं आमचीच बहीण मोजणार." मी म्हटलं, "मोजायला तू काही शिल्लक ठेवलंस तर ना!" सगळे हसले. तू हसला नाहीस. ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. आज घेते.

लाकडं मी कधीच मोजली नाहीत. दर महिन्याला ठरलेल्या वाटेने चालायचं, कुरतडलेली मालिंगोची पानं आणि फांद्यांवरची हाब्रेची लेंडी बघायची, वन समितीच्या वहीत 'रेड पांडा' म्हणून लिहायचं, एवढंच काम. आपल्या लहानपणी गोठ्यापासून देउरालीच्या खिंडीपर्यंत सलग मालिंगो होता. आता मध्येमध्ये उघडी कुरणं आहेत. एका झाडीतून दुसरीत जायला हाब्रेला जमिनीवर उतरावं लागतं, आणि जमिनीवर कुत्री असतात. तुझा काले धरून.

आता खरं लिहिते.

ओढ्याजवळचं फलांटाचं पोकळ झाड तू सोललं होतंस. ओलं झाड तोडायला बंदी, वाळलेलं चालतं, म्हणून आपण सगळेच खोडाभोवती वीतभर साल काढतो आणि झाड उभ्या उभ्या वाळू देतो. आपांनीच शिकवलं. माझाही कोयता त्या कामात चाललाय. त्यात मी तुला बोल लावत नाही.

गेल्या असारात त्या पोकळीत मादी शिरताना मी पाहिली. तोंडात पानं होती, पिल्लांसाठी अंथरूण करत असणार. मी वहीत लिहिलं नाही. समितीला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तोंड मिटून खाली आले.

दहा-बारा दिवसांनी वर गेले तर झाड आडवं पडलेलं, वरचे ओंडके गोठ्याकडे नेलेले. बुंध्याच्या पोकळीत, पानांखाली, दोन पिल्लं होती. मुठीएवढी. डोळेही उघडले नव्हते. तुला दिसली नसणार, ती पानांत खोल होती. मी शेवाळात गुंडाळून ओढ्याच्या वर पुरली. दोन दिवस मादी त्या बुंध्याशी येऊन जात होती, हे मी झाडीतून बघितलं.

मग मी तुझ्या गोठ्यात आले. तू बोलला नाहीस, पण छुर्पीच्या सुक्या वड्यांची माळ पुढ्यात ठेवलीस. त्याच लाकडावर आटवलेल्या दुधाची. मी ती घेतली, वाटेत खाल्लीही. कोणाला काही बोलले नाही. आजपर्यंत.

मी एक शब्द बोलले असते तर तू ते झाड सोडलं असतंस असं मला वाटतं. खात्री नाही. पण ते कळायची संधी मीच घालवली. आपांचं वाक्य त्यांच्या काळाला बरोबर होतं. मी ते पाळत राहिले कारण गप्प बसणं मला सोपं होतं, तुझ्याशी बोलण्यापेक्षा.

गोठ्यामागे, झऱ्याच्या वर, दुहेरी खोडाचं दुसरं फलांट आहे. तेही तूच सोललेलं. यंदा छान वाळलंय, पावसाळ्याच्या छुर्पीसाठी तू ते राखून ठेवलंस, फुर्बाने सांगितलं. परवा एक मादी त्यात शिरली. डाव्या कानाला खाच आहे, गेल्या वर्षीचीच ती. या वेळी मी वहीत लिहिलं. आणि सगळ्यांच्या आधी तुला लिहिते आहे.

मला माहीत आहे, भर पावसात ओलं लाकूड पेटत नाही, आणि दूध थांबत नाही. खालून वाळकी मोळी आणायला अर्धा दिवस जातो. मी आणि भाऊजू आठवड्यातून दोनदा पाठवू, पण तेवढ्याने तुझी चूल चालणार नाही, हेही मला कळतं. तू पत्र घडी करून खिशात ठेवशील आणि फुर्बाला म्हणशील, "तिला सांग, हाब्रे दूध आटवून देत नाही." अगदी याच शब्दांत.

तरी मागते. कालेला बांधून ठेव. आणि पाऊस सरून असोज लागेपर्यंत त्या झाडाला कुऱ्हाड लावू नकोस, दाजू.

उशिरा तोंड उघडलेली तुझी बहीण,
संचमाया