हरणीच्या पेंडीतली पावडर

११ ऑगस्ट २००३

माश्या! चहात माशी, पिठात माशी, मालकाच्या टकलावर तर जत्राच भरलेली. धार काढताना हरणीला धड उभं राहू देत नाहीत. आज तिनं लाथ झाडली, बादली आडवी. सगळं दूध शेणात. मी हरणीला शिव्या दिल्या, मग माश्यांना, मग मालकाला. मालक ओट्यावर बिडी ओढत होते.

म्हणतात — काढून टाकू दोन्ही गायी. गोठा पाडू न् चाळ वाढवू. कांदा ठेवायला जागा पुरत नाय.

यांच्या कांद्याला जागा नाही म्हणून माझ्या गायी काढायच्या! लासलगावला भाव चढेल, चढेल म्हणत उन्हाळ्यापासून चाळ भरून ठेवलीय. निम्मा सडला. अक्कल पण त्याच चाळीत ठेवलीय वाटतं.

गायी गेल्या तर या घरात मी कोण? भाकरी थापणारी. डेअरीला दूध मी घालते, दुधाचा पगार माझ्या हातात पडतो, म्हणून तर घरातली माणसं माझं ऐकून घेतात. नाहीतर या माणसानं मला कधी विचारलं नसतं, मीठ संपलं का म्हणून.

१२ ऑगस्ट

सून विचारते, आत्याबाई, रोज काय लिहिता? चौथी शिकलेली बाई लिहिते याचं पल्लवीला नवल. स्वतः बारावी झाली. दूध नासलं का नाही हे वासावरून कळत नाही.

१४ ऑगस्ट

डेअरीवर कुठल्याशा कंपनीचा माणूस आला होता. शर्ट खोचलेला, बुटाला शेण लागू नये म्हणून बगळ्यासारखा पाय उचलतो. गोठ्यातल्या माश्यांवर औषध आणलंय म्हणाला. मला वाटलं फवारायचं असेल. तर नाही! गायीला खायला घालायचं! पेंडीत मिसळायची पावडर. गायीच्या अंगी लागत नाही, तशीच शेणात उतरते. माशी शेणात अंडी घालते, पण अळी वाढत नाही, मरते.

मी विचारलं, आणि आत्ता उडतायत त्या?

म्हणाला, त्या मरणार नाहीत ताई. त्यांचं त्यांचं आयुष्य संपेल.

म्हणजे माश्या म्हाताऱ्या होईपर्यंत आपण वाट बघायची. असलं औषध विकायला शिकावं लागतं, त्याशिवाय जमणार नाही. बाया हसल्या. तो पण हसला, निर्लज्ज.

तरी पिशवी घेतली. काय करू? मालकाला सांगितलं, दसऱ्यापर्यंत माश्या हटल्या तर गायी इथंच राहतील, पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही. मालक लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हा माणूस जेवायला पण उठत नाही.

१५ ऑगस्ट

पहिली पावडर. हरणीनं खाल्ली. तांबूनं हुंगून माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी तिची सवत.

१९ ऑगस्ट

माश्या आहेत तशा.

२३ ऑगस्ट

आहेत तशा. बगळा परत फिरकला नाही.

२७ ऑगस्ट, पोळा

बैल विकून वर्षं झाली. मातीचे पुजले. मालकानं त्यांना पुरणपोळी दाखवून स्वतः खाल्ली.

गायींना पण पुरण दिलं, पण आधी पावडर. शेण बघितलं. शेण शेणासारखंच. पल्लवी नाक मुरडते — या शेणानं सारवायचं का आत्याबाई, औषध आहे ना त्यात? म्हटलं, तू चाटणार आहेस का ओटा?

३० ऑगस्ट

मालक म्हणतात, माश्या मंगलाच्या म्हशीच्या. तिच्या म्हशीला कुठं पावडर आहे? तिच्या शेणातून उठतात न् भिंतीवरून आपल्याकडं येतात.

हे मात्र पटलं. मंगला माझी धाकटी जाऊ. मधे फक्त एक भिंत, तीही वाटणीत घातलेली. विहिरीच्या पाण्यावरून दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले तेव्हापासून मालकानं शपथ घेतलीय, तिच्या अंगणात पाऊल टाकणार नाही. दीर गेले तेव्हा पण रस्त्यावरूनच खांदा दिला. आम्ही बाया पण बोलत नाही. मी तर मुळीच नाही. त्या बाईची भाकरी अशी जाड की कुत्रं पण पाण्यात भिजवून खाईल. आणि अंगणात कधी बघावं तर पसारा.

आज मी गेले. तोंड सोडलं. म्हशीचं शेण, माश्या, घाण, सगळं बोलले. मंगला शेण भरत होती, भरतच राहिली. मग म्हणाली,

“म्हशीनं काय माश्या पाळल्यात का बाई? दे इकडं तुझी ती पावडर. घालते तिला. नाही गेल्या माश्या, तर मग कोणाला बोलायचं ते ठरवून ठेव.”

किती ती मिजास! पावडर दिली.

६ सप्टेंबर

गौरी गेल्या. गणपतीच्या प्रसादावर माश्या. हरणीनं परत लाथ मारली, या वेळी माझ्या मांडीवर.

१० सप्टेंबर

आज डोकंच फिरलं. काठी घेऊन उकिरड्यात उतरले. म्हटलं, बघूच काय शिजतंय. वरचं शेण उलटलं. आधी उलटलं की भात शिजल्यासारखी अळी वळवळायची. आज काही नाही. आणखी उलटलं. काही नाही! भिंतीवरून वाकून मंगलाच्या शेणात काठी घातली. तिकडं पण अळी नाही. ती बघत होती. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग या माश्या येतात कुठून?

कोपऱ्यात गेले, चाळीच्या मागं. मालक सडका कांदा तिथंच टाकतात. उन्हाळ्यापासून टाकतायत. काठी लावली तर ढीगच हलला. काळं पाणी, आणि आत — लिहायला पण किळस येते. पांढरं सगळं. उकळत्या दुधासारखं वर येत होतं.

मालकाला हाताला धरून आणलं. नाकाला धोतराचा सोगा लावून उभे. म्हणतात कसे,

“कांदा तिखट आस्तो. कांद्याला माशी लागत नाय.”

अळी समोर, आणि हा माणूस कांद्याची बाजू घेतो! आणि मी पण तितकीच येडी. लहानपणापासून ऐकलं, कांद्याजवळ किडा फिरकत नाही, म्हणून कधी तिकडं बघितलं नाही. कापलेला कांदा तिखट असतो, सडलेल्याला कसला तिखटपणा? सगळं गाव कांद्यावर जगतं आणि गावात एकाला हे माहीत नाही.

१२ सप्टेंबर

दोन दिवस सडका कांदा पाट्यांनी वाहिला. शेतात खड्डा काढून पुरला. पल्लवी ओकली, पण थांबली नाही, हे लिहायला पाहिजे. मालक म्हणाले खत म्हणून राहू द्यायचं होतं. भिंतीपलीकडून मंगलानं न बोलता तिचं घमेलं पुढं केलं. बोलली असती, मी कोणाला बोलायचं ठरवलं ते विचारलं असतं, तर बरं झालं असतं. मी घमेलं घेतलं.

२० सप्टेंबर

माश्या कमी! आहेत, पण कमी. हरणी धारेला उभी राहते, पाय हलवत नाही, शेपूट पण सावकाश. दूध वाढलं. डेअरीवाला म्हणतो काकू, काय खायला घालता?

मालक खूश नाहीत. गोठ्यात येतात, गायीच्या पाठीवरून हात फिरवतात, आणि निघून जातात. या माणसानं आजवर गायीला हात लावलेला मी बघितला नाही.

२४ सप्टेंबर

आज दुपारी वाळू दलाल आला, मनमाडच्या बाजारात जनावरं नेतो तो. हातात नवीन दावं. सरळ गोठ्यात. मी म्हटलं, कोणाला विचारून? तो मालकाकडं बघतो. मालक जमिनीकडं.

विसार घेतलाय. दोन्ही गायींचा. पोळ्याच्या आधीच घेतलाय! मी पावडर कालवत होते, दसऱ्याची मुदत धरून बसले होते, आणि सौदा कधीच झालेला. वाळूच बोलून गेला, माश्यांनी जनावर नाचायचं म्हणून भाव पडत होता, आता शांत उभी राहतात म्हणून त्यानं मोल वाढवून दिलं. म्हणजे मी बाजारासाठी गायी तयार करत होते. माझ्याच हातानं!

मालक म्हणाले, कुंकू लाव, गाय मोकळी कर.

घरातून गाय जाताना घरच्या बाईनं तिला हळदीकुंकू लावायचं असतं, त्याशिवाय दलाल दाव्याला हात लावत नाही. मी हात शेणात घातले. कोपरापर्यंत. तसेच धरून उभी राहिले, असल्या हातानं कुंकू लागत नाही. म्हटलं, लावते की, ये.

वाळू मागं सरला. म्हणाला, “नको काका. बाईनं रडून धाडलेली गाय पुढं दूध देत नाही. तुमचं मिटलं की सांगा.” गेला.

२५ सप्टेंबर

मालक पल्लवीला म्हणाले, तू लाव कुंकू, तू पण घरचीच. उद्या वाळू येतोय.

पल्लवी म्हणाली, मामा, मला शिवायचं नाही, मी बाजूला बसलेय.

तिची वेळ मला माहीत आहे. अजून लांब आहे. तिला चहा नेऊन दिला, लांबून ठेवला, खरं वाटावं म्हणून.

मालक म्हणाले, मग मी धाकट्या बहिणीला बोलावतो. याच घरची लेक आहे. तिनं लावलं तरी चालतं.

चालतं. हे पण खरं.

२६ सप्टेंबर, घट बसले

पहाटे दोन्ही गायी सोडल्या, भिंतीपलीकडं मंगलाच्या गोठ्यात बांधल्या. मालक मंगलाच्या फाटकापर्यंत आले. पुढं पाऊल पडलं नाही, शपथ आडवी. मी पण मंगलाकडंच राहिले. भाकरी तिनं थापली. जाडच. खाल्ली.