गार पेरू

१२ मार्च, सकाळ

ती. दादास,

रागावलेला असलास तरी नमस्कार. आईचा खोकला थांबला आहे. वहिनीने पाठवलेला स्वेटर मला घट्ट होतो, पण हे तिला सांगू नकोस, लगेच माझ्या जेवणावर बोलेल.

चांगली बातमी आधी. आमच्या फळतपासणी केंद्रातल्या आम्ही तिघींनी दोन दिवस बसून तुझा एकेक पेरू पुन्हा तपासला. साठ क्रेटांपैकी चारांतच अळी निघाली. बाकीचा माल काल संध्याकाळी बंदराकडे गेला. ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी फाटकात उभी होते. जीव भांड्यात पडला.

परवा मी ट्रक अडवला तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "सचोटी मिरवायला तुला सख्खा भाऊच सापडला का?" तुझ्या ओरडण्यापेक्षा तो 'सचोटी' शब्द मला जास्त झोंबला.

दादा, त्याच सकाळी तो माल मीच पास केला होता. कागदावर सही माझी होती.

आमचं यंत्र फळ कापत नाही, ऐकतं. आत अळी कुरतडत असेल तर आपल्या कानाला न कळणारा आवाज होतो. यंत्र तो पकडतं आणि पडद्यावरची रेघ उडते. पण शीतगृहातून काढलेला पेरू आधी चार तास बाहेर ठेवावा लागतो, कारण गारठलेली अळी खातच नाही. हा नियम भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे. तुझे पेरू मी गारच तपासले. घाई नव्हती. मला तुझ्या मालात काही सापडायला नको होतं.

दुपारी टेबलावर राहिलेला, एव्हाना गारठा गेलेला एक पेरू यंत्राला लावून पाहिला, तर रेघ थयथय नाचायला लागली. परदेशातल्या बंदरात एक जरी अळी निघाली असती, तर तुझ्यासकट सगळ्या बागायतदारांचा माल वर्षभर बंद. चपला हातात घेऊन फाटकापर्यंत पळाले.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "यापुढे घरच्यांचा माल तुम्ही तपासायचा नाही." नोकरी राहिली. काल मी पोटभर जेवले.

आता तुलाही सांगून झालं. दोन दिवस तू एका कडक बहिणीवर रुसून बसला आहेस, तशी मी नाही. रागवायचंच तर या दुसरीवर रागाव, आणि घरी येऊन रागाव.

ट्रक सोडणारी आणि अडवणारी,
तुझी धाकटी