हँडल उलटं फिरलं

आबा, तुमच्या हत्यारांच्या पेटीत आज छत्रीची काडी सापडली. ट्रॅक्टर भंगारात जाऊन कित्येक वर्षं झाली, काडी मात्र अजून तेलकट आहे. हातात धरली आणि आधी तुमचा रागच आला, खोटं कशाला सांगू.

बहात्तरच्या दुष्काळात नांगरटीला कुणी बोलवत नव्हतं. तुम्ही ट्रॅक्टरला टाकी जोडून कोल्हारहून गावासाठी पाणी आणायचात, आणि ते म्हातारं इंजिन तेल पीत राहायचं. तेल भरायची तुमची रीत पक्की होती. ट्रॅक्टर सपाटीला उभा करायचा, इंजिन निवू द्यायचं, तेल भरायच्या तोंडाभोवतीची माती पुसायची, मगच झाकण काढायचं. आईनं छत्रीची काडी भोकात धरायची, तुम्ही डब्याचा काठ काडीला टेकवायचा, की तेल काडीला धरून सुतासारखं आत उतरायचं. थेंब बाहेर पडला की आईच्या थोबाडीत बसायची. डबा तुमच्या हातात आणि मार तिला, हा कुठला न्याय होता?

त्या दिवशी ती सकाळपासून उपाशी आहे. तिच्या हातातली काडी हलते, तेल इंजिनावरून मातीत गळतं. तुम्ही डबा जपून खाली ठेवता, उरलेलं सांडू नये म्हणून, आणि मग तिचे केस धरून तिचं कपाळ मडगार्डवर आपटता. एकदा, दोनदा. तेलात रक्त पडतं. मी तेव्हा वीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, तुमच्या तुकड्यावर जगणारी. ट्रॅक्टर चालू करायचं लोखंडी हँडल पुढे अडकवलेलं होतं. ते मी उपसलं आणि तुमच्या उजव्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तुम्ही आईला सोडलंत. मी पुन्हा घातलं.

आता तुम्ही मला जिवंत ठेवत नाही, असं मला वाटलं. तुम्ही हात पोटाशी धरून मातीत बसलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “हँडल उलटं फिरलं म्हन समद्यांना.” गावाला ते लगेच पटलं, कारण असली हँडलं झटका देऊन हात मोडतातच. तुम्ही मला वाचवत होतात की लेकीचा मार खाल्ल्याची लाज झाकत होतात, ते मला आजही ठरवता येत नाही.

हाड वाकडंच जुळलं. पाणी तर आणावंच लागणार होतं, म्हणून मग डबा मी धरायला लागले आणि काडी तुम्ही, डाव्या हातानं. “धार काडीवर सोड. घाई करू नगं.” पहिल्याच दिवशी माझ्याकडून सांडलं. तुमचा डावा हात वर गेला. मी डबा जपून खाली ठेवला, अगदी तुमच्यासारखाच. दारात आई उभी होती. तुम्ही हात खाली घेतलात, धोतराच्या सोग्यानं इंजिन पुसलंत आणि काडी पुन्हा भोकात धरलीत. त्यानंतर घरात कुणावर हात उचलला गेला नाही.

आई मरेपर्यंत सांगायची, पोरीनं मला वाचवलं. मी मान डोलवायचे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, काडीला गुंडाळून पेटीतच ठेवते. पहिला घाव आईसाठी होता, आबा. दुसरा घातला तेव्हा तुम्ही तिला सोडलेलं मी पाहिलं होतं.