बोर्ड लिहिणाऱ्याची चूक

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी नक्की काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही शेजारीपाजारी "पोरगी अमरावतीले कंप्युटरवर हाय" एवढंच सांगायचात, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. आता सांगते. गोदामं, कारखाने, फळांची शीतगृहं चालवणाऱ्यांसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते. त्यात दिवसभर आकडे येऊन पडत असतात. त्यातला कुठला आकडा स्क्रीनवर कुठे दिसावा, किती मोठा दिसावा, कुठल्या रंगात दिसावा, हे मी ठरवते. तुमच्या भाषेत सांगायचं तर मी बोर्ड लिहिते. परतवाड्याच्या बसस्टँडवर तुम्ही गाड्यांचा लिहायचात तसाच, फक्त माझे हात ऑइलपेंटने बरबटत नाहीत.

खरं तर तुम्ही कंट्रोलर. गाडी फलाटाला लावायची, वेळेवर सोडायची, माइकवर पुकारायची, एवढंच तुमचं काम. बोर्ड पेंटरकडून लिहून घेता आला असता. पण पेंटर अक्षराला वळणं देतो आणि वळणं लांबून वाचता येत नाहीत, असं तुमचं म्हणणं. म्हणून सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः स्टुलावर चढून लिहायचात. (घरात मात्र तुम्ही लिहिलेली किराणा मालाची यादी आईशिवाय कोणाला वाचता येत नसे, हेही इथे नोंदवून ठेवते.) एकदा मी हट्टाने बरोबर आले, तेव्हा तुम्ही मला एक ओळ रंगवायला दिलीत. शेवटच्या गाडीची, लाल रंगात. ती इतकी छान दिसली की तुमची पाठ वळताच मी वरच्या तीन ओळीही लाल करून टाकल्या. तुम्ही वळून पाहता, रॉकेलचा बोळा घेता आणि माझ्या तिन्ही ओळी पुसून काढता. मग म्हणता, "सगळंच लाल केलं तं लाल कशाले राह्यलं वं?" मी जेवणापर्यंत फुगून बसले होते. आज ऑफिसात कोणी नवीन माणूस स्क्रीनवर चार ठिकाणी लाल रंग भरून आणतो, तेव्हा मी हेच वाक्य जसंच्या तसं म्हणते. आमच्याकडे पुण्याची एक मुलगी आहे. तिला पहिल्यांदा वाटलं, मी तिच्यावर भयंकर चिडले आहे.

पण मला सांगायचंय ते हरिसालच्या बाईबद्दल. मी तेव्हा नववीत होते. शाळा सुटल्यावर तुमच्या केबिनमध्ये येऊन बसले होते, कारण घरची किल्ली तुमच्याकडे होती. एक बाई लेकीला दवाखान्यात दाखवून आली होती. लेक तिच्या मांडीवर झोपलेली, आणि ती बाकावरून एकटक बोर्ड वाचत होती. बोटाने हवेत एकेक ओळ धरून. तिच्यासमोरून धारणीची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. नंतर ती खिडकीवर आली आणि हरिसालची गाडी कधी आहे म्हणून विचारलं. हरिसाल धारणीच्याच रस्त्यावर. तीच गाडी तिची होती आणि पुढची तीन तासांनी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तुमच्यावर रागावली नाही. मले नीट वाचता येत नाही साहेब, माहीच चूक झाली, असं काहीतरी पुटपुटली आणि परत बाकाकडे जायला लागली.

तुम्ही केबिनमधून बाहेर गेलात. ती बसली होती त्याच बाकावर बसलात आणि तुमचाच बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचलात. पहिल्यांदाच पाहावा तसा. बोर्डावर वेळा होत्या आणि प्रत्येक वेळेपुढे गाडी जिथे संपते ते गाव होतं. हरिसाल कुठेच नव्हतं. मग ड्रायव्हर, कंडक्टर, पॅसेंजर, सगळ्यांच्या देखत तुम्ही तिला म्हणालात, "बाई, तुमाले वाचता येते. हरिसाल लिहिलंच नाही तं वाचाल कसं? बोर्ड मी लिहिला. चूक माही हाय." एक कंडक्टर हसला. मलाही कसंतरी झालं. साहेबाने एवढ्याशा गोष्टीसाठी असं बोलावं का, असं वाटलं. तुम्ही मात्र ओळखीच्या जीपवाल्याला थांबवून मायलेकींना बसवून दिलंत, आणि पुढचा आठवडाभर खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून काढलंत. "सेमाडोहले कोणती जाते?" "चिखलदऱ्याची गेली का?" साडेअकराची गाडी कुठे जाते, असं त्या आठवड्यात एकानेही विचारलं नाही. जो तो आपलं गाव विचारत होता. तुम्ही बोर्ड उलटा केलात. आधी गावं, गावापुढे वेळा. खिडकीवरची गर्दी हळूहळू ओसरली. गर्दी कमी झाल्याचा आनंद झालेला सरकारी माणूस मी तेवढा एकच पाहिला आहे. बोर्ड वाचूनही माणूस खिडकीवर आला तर खोट बोर्डात आहे, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. माझ्या कामाचं मोठं शिक्षण मी नंतर पैसे भरून घेतलं, पण त्यात याहून जास्त काही नव्हतं.

आणि तरीही, बाबा, मी चुकले. मागच्या वर्षी शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्यांच्या शीतगृहासाठी मी स्क्रीन केली. आठ खोल्या, प्रत्येक खोलीचं तापमान. मालकाला पाहुण्यांना दाखवायला एक मोठा, ठसठशीत आकडा हवा होता. मी आठही खोल्यांची सरासरी काढून सगळ्यात वर तळहाताएवढी मांडली आणि खाली आठ छोटे चौकोन ठेवले, सगळे एकाच फिक्या हिरव्या रंगात. फार देखणी झाली होती. मालक खूश, आमचे साहेब खूश, मी तर जास्तच. त्या स्क्रीनसमोर रोज बसणारा ऑपरेटर कोण, हे मी पाहिलंही नव्हतं. तो आधी दिवसातून दोनदा थर्मामीटर घेऊन प्रत्येक खोलीत जायचा आणि दाराजवळच्या पाटीवर लिहायचा. स्क्रीन आल्यावर मालक म्हणाले, आता फिरायची गरज नाही.

यंदा सहा नंबरच्या खोलीचं मशीन हळूहळू बसलं. बाकी सात खोल्या थंड, त्यामुळे सरासरी जेमतेम हलली. वरचा मोठा आकडा तीन दिवस ठीक दिसत राहिला, आणि सहा नंबरच्या चौकोनातला बारीक आकडा त्याच फिक्या हिरव्या रंगात वाढत राहिला. दार उघडलं तेव्हा वासच आला. खोलीभर संत्री गेली. मालकाने ऑपरेटरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि आम्हाला बोलावलं.

मी आमच्या साहेबांबरोबर गेले. ऑपरेटरलाही बोलवा म्हणून सांगितलं होतं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि खुर्ची दिली तरी बसला नाही. मी विचारायच्या आतच म्हणाला, "म्याडम, वरचा आकडा तं बरोबर होता. खालचं मलेच समजलं नाही. मी बारावी नापास मानूस." त्याची नोकरी गेली होती, घरात दोन शिकणाऱ्या मुली होत्या, आणि तो माझ्या चुकीचं कारण स्वतःच्या मार्कशीटमध्ये शोधत होता. मला तुमची आठवण आली. मग मी मालकाला सांगितलं, सगळ्यात मोठं जे लिहिलं होतं तेच याने वाचलं, याला परत घ्या. मालकाने बरीच खळखळ केली, पण सोमवारी त्याला परत घेतलं.

नंतर चार दिवस मी त्याच्या शेजारी बसून काढले, तुमच्यासारखी वही घेऊन. त्याला दिवसभर एकच प्रश्न पडतो, कोणती खोली बिघडली. आता नवीन स्क्रीनवर सरासरी नाही. ठीक असलेल्या खोल्या गुपचूप करड्या रंगात बसतात, आणि जी हद्द सोडते ती एकटी वर येते, मोठी आणि लाल. सगळं सुरळीत असेल तर स्क्रीनवर पाहण्यासारखं काही नसतं. एवढे पैसे घेऊन रिकामी स्क्रीन दिली का, असं मालकाने विचारलंच. तुम्ही मात्र ती बाकावर बसून नीट पाहिली असती.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, माझ्याच ड्रॉवरमध्ये राहतील. म्हणून उरलेलंही लिहून टाकते. त्या दिवशी मालकासमोर मी "स्क्रीनची चूक झाली" असं म्हणाले. माझी झाली, असं म्हणाले नाही. आमचे साहेब शेजारी बसले होते. ऑपरेटरला वाटलं, म्याडमने मोठ्या मनाने आपल्याला सांभाळून घेतलं. निघताना तो गेटपर्यंत आला, माझी बॅग धरली आणि संकोचत म्हणाला, "मले थोडं कंप्युटर शिकवता का? म्हंजे माह्या हातून पुन्हा असं होणार नाही."

मी हो म्हणाले.